देवीमागचा काटा

मार्गशीर्ष लागला की धुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी धूर उठायला लागतो. शेताशेतांत भरताच्या पार्ट्या चाललेल्या असतात, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी फुटत असतात, आणि तो करपट-गोड वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येऊन बसतो. लोकांना या वासानं भूक लागते. मला अजूनही आधी घाम फुटतो, मग हसू येतं, आणि भूक लागते ती त्यानंतर.

कारण नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, याच वासात, मी दोन महिने इंग्लंडहून येणाऱ्या एका निरोपाची वाट बघत होतो. मी गुन्हेगार आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. गुन्हा केला होता, तो मोजला गेला होता, त्याचा फोटोही निघाला होता. प्रश्न एवढाच होता की माझ्या पायी माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं लायसन्स जातं की राहतं.

आता या रस्त्याला चार पदर आलेत. खांबांवर कॅमेरे बसलेत आणि पोरं मोबाइलवर आलेलं चलन एकमेकांना दाखवून खिदळतात. मी त्यांच्यात बसून गप्प राहतो. या विषयात मी त्यांचा फार जुना सीनियर आहे हे त्यांना ठाऊक नाही.

तेव्हा माझं जळगावात मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. पिंप्राळ्याला जाताना एक खोली, एक बाक, वाहतुकीच्या खुणांचा एक रंगीत तक्ता आणि एक फिकट पिवळी फियाट. पाटीवर ‘पंधरा दिवसांत खात्रीने’ असं लिहिलेलं होतं; कशाची खात्री, ते लिहिलेलं नव्हतं. अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली आहे असं मी सांगत असे. उरलेलं अर्धं गाव त्यामुळेच रस्त्याच्या कडेनं चालतं, असं माझे मित्र सांगत.

फियाटचा वेगाचा मीटर मी ती घेतली तेव्हाच मेलेला होता. काटा शून्यावर आडवा झाला होता तो उठलाच नाही. मेलेलं तोंड रोज कशाला बघायचं म्हणून मी त्या काचेवर सप्तशृंगीच्या देवीचा फोटो चिकटवला. देवी तिथं इतकी नेमकी बसली की गाडी बनवणाऱ्यानं तिच्यासाठीच जागा सोडली असावी असं वाटे. नवा विद्यार्थी गाडीत बसला की आधी मीटरच्या पाया पडायचा, मग चावी फिरवायचा. दहा-अकरा वर्षांत मलाही तीच सवय लागली. नजर तिकडे गेली की हात आपोआप कपाळाला जाई.

मग वेग कसा कळायचा? कानानं. गाडीच्या आधीच्या मालकानं मला तो हिशोब गाडीबरोबर तोंडी दिला होता. मागच्या डाव्या दाराची काच वाजायला लागली की तीस. पुढच्या खणाचं झाकण थरथरलं की चाळीस. गिअरच्या दांड्यातून भुंगा घुमला की पन्नास. आणि ही सगळी मंडळी एका सुरात लागून वर मागच्या सीटखालचा जॅक नाचायला लागला की साठ. साठच्या पुढे मी कधी गेलो नाही, कारण पुढं वाजायला गाडीत काही शिल्लकच नव्हतं. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवीत असे, आणि शिकवताना माझा आवाज गाण्याच्या मास्तरासारखा होई.

त्या वर्षी गणपती उठल्यावर मी धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे, दीड महिन्यासाठी इंग्लंडला गेलो. तिचे यजमान विलासराव मूळचे शिंदखेड्याकडचे, शेतकऱ्याघरचे, आणि तिथं एका लहानशा गावात डॉक्टर. दवाखाना सकाळी, दुपारी आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर म्हाताऱ्या पेशंटांना घरी जाऊन तपासायचं. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या ओढ्यापलीकडे, मधे रस्ता एवढा अरुंद की समोरून मेंढरू आलं तरी कोणाला तरी मागं सरावं लागे. बस नव्हती. गाडी म्हणजे त्यांचे पाय होते.

विलासराव बोलायला कमी. एखाद्या वाक्यावर भागत असेल तर दुसरं खर्च करायचे नाहीत. मी गेलो त्याच दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून गाव दाखवायला नेलं. आता शेजारची, म्हणजे डावीकडची सीट ही माझी जन्माची गादी. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशी जादा ब्रेक असतो, आणि माझा उजवा पाय अकरा वर्षं त्याच्यावरच जगत होता. इथं ब्रेक नव्हता, पण पायाला कोण सांगणार? प्रत्येक वळणावर मी त्यांच्या गाडीतला गालिचा दाबत होतो. चार दिवस त्यांनी सोसलं. पाचव्या दिवशी म्हणाले, “भाऊ, गालिचा फाटेल. त्यापेक्षा तुम्हीच चालवा.” आणि खरोखरच विम्यात माझं नाव घालून आणलं. माझ्याजवळ परदेशात चालवायचा परवाना होता. तो मी जळगावहून मुद्दाम प्लास्टिकच्या पाकिटात घालून नेला होता, आणि तो कोणी विचारीत नाही याचं मला थोडं वाईट वाटत होतं.

चालवायच्या आधी मात्र विलासरावांनी मला एकदाच, चार-पाच सलग वाक्यं खर्चून, एक गोष्ट सांगितली. तिथं वेग मोडला की लायसन्सवर तीन ठपके पडतात. बारा झाले की सहा महिने गाडी बंद. पेशंटांकडे पोचायच्या घाईत त्यांचे नऊ झाले होते. म्हणजे आणखी एकदा चुकलं की सहा महिने टेकड्यांवरच्या म्हाताऱ्यांना डॉक्टर नाही, आणि दवाखान्यानं दुसरा डॉक्टर शोधला तर मग यांनाही दवाखाना नाही. “म्हणून मी हल्ली जपून चालवतो,” असं म्हणून ते थांबले. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बिचाऱ्यांना चांगला मास्तर भेटला नाही.

तिथली गाडी चालवण्याची रीत बघून मला आधी कीव आली होती. दीड महिन्यात मी हॉर्न ऐकला तो तीनदा, आणि त्यातले दोनदा मीच वाजवला होता. पांढऱ्या पट्ट्यांपाशी एखादी बाई नुसती विचार करत उभी असली, तरी चार गाड्या थांबून तिचा विचार पुरा होऊ देत. भर दुपारी चारी रस्ते मोकळे असताना लाल दिव्यापुढे एकटा माणूस गाडी थांबवून बसलेला मी पाहिला. मी सुमनला विचारलं, याला बघतंय कोण? ती म्हणाली, कोणी नाही. मग हा थांबलाय कशाला? ती म्हणाली, लाल आहे म्हणून. या उत्तरावर मी बरेच दिवस हसत होतो. पुढं तेच उत्तर माझ्या छातीवर येऊन बसणार आहे, हे तेव्हा कुठं माहीत होतं?

निघायच्या आधीच्या आठवड्यात विलासरावांना सर्दी झाली. सुमनला मोठ्या गावातल्या देशी दुकानातून मेथी आणि हिरव्या मिरच्या आणायच्या होत्या. मी म्हणालो, चल. आभाळ भरलेलं, रस्त्यावर पिवळी पानं चिकटलेली, कोणाच्या तरी फाटकापाशी सफरचंदांच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या आणि जवळ माणूस नाही. सुमन माहेरच्या बायकांची नावं एकेक करून विचारत होती. गाडी अशी चाललेली की जणू उभीच. काच वाजेना, झाकण थरथरेना, भुंगा नाही की जॅक नाही. मी आपला वाट बघतोय की गाडी कधी बोलायला लागते. पुढं एक गाव लागलं. लाल वर्तुळात तीसचा आकडा मी पाहिला. माझ्या तक्त्यावर तो चौथ्या ओळीत होता. तीस मैल म्हणजे आपले अठ्ठेचाळीस, हेही मनात केलं. मग कान दिला. गाडीत संपूर्ण शांतता. म्हणजे आपण विसाच्या पुढं नाही, असा मी निर्वाळा दिला आणि म्हाताऱ्या माणसासारखी गाडी चालवतोय अशी स्वतःची लाज वाटून पाय थोडा आणखी दाबला.

समोर काटा होता. जिवंत, स्वच्छ, चांगला बोटभर. नजर तिकडे गेली आणि माझा हात कपाळाला लागला.

तेवढ्यात आरशात मागून लख्खकन उजेड पडला. लगेच दुसऱ्यांदा. मी सुमनला म्हणालो, वीज चमकतेय, काच वर घे. तिनं घेतली. मागं राहिलेल्या खांबावर एक करडी पेटी होती ती मलाही दिसली होती, पण पक्ष्यांसाठी घरटं करून ठेवण्याइतके ते लोक हौशी आहेतच असं मला वाटलं. मेथी फार छान मिळाली.

दिवाळीला मी जळगावात परत होतो. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले असतील, आणि स्कूलच्या खोलीतला फोन वाजला. परदेशी फोनची ती लांब, घाबरी घंटी. सुमन हळू आवाजात बोलत होती. पोलिसांचं पत्र आलं होतं. खांबावरच्या त्या करड्या पेटीनं मागून गाडीचा फोटो काढला होता: तारीख, गाव, वेळ, आणि तीसच्या जागी सेहेचाळीस मैल. गाडी विलासरावांच्या नावावर, म्हणून विचारणा त्यांना: गाडी कोण चालवत होतं ते अठ्ठावीस दिवसांत कळवा.

“मग कळव ना माझं नाव,” मी म्हणालो.

“ते ऐकत नाहीत, भाऊ. ते स्वतःचं लिहिताहेत. म्हणतात, बायकोच्या भावाचं नाव पोलिसांना कसं देऊ? तुला सांगू नको म्हणून बजावलंय मला.”

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला जेवताना पाट आधी मिळतो, बोलताना शब्द जपून मिळतो. हा माणूस तीच रीत उलटी चालवायला निघाला होता. मी सुमनला सांगितलं, कागद चार दिवस दडवून ठेव, माझ्या सहीचं पत्र पाठवतो, ते जोडून माझं नाव लिहायला लाव. एवढं शूरपणानं बोलून फोन ठेवला. आणि मग माझी बोबडी वळली.

कारण सही करायची म्हणजे काय, हे फोन ठेवल्यावर दिसायला लागलं. ते लोक इकडे कळवतील. लायसन्स जाईल. लायसन्स नसलेल्या माणसाचं ड्रायव्हिंग स्कूल! मी पाटीकडे बघितलं. ‘खात्रीने’ हा शब्द मला पहिल्यांदा नीट दिसला.

कोर्टाच्या बाहेर निंबाखाली टाइपरायटर मांडून बसणारे सुपडू आबा माझ्या ओळखीचे. इंग्रजी अर्ज त्यांच्याइतका वाकून कोणी लिहीत नसे. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “फोटोत तोंड दिसतं का?” मी म्हणालो, नाही, गाडी पाठमोरी आहे. आबांनी चष्मा पुसला. “मग मास्तर, घरात अलीकडे कोणी वारलं का? त्याचं नाव टाकून देऊ. मेलेल्या माणसाला काय ठपका? तुम्ही सुटले, पाहुणे सुटले.”

इथं मला असं लिहायला आवडलं असतं की मी ताडकन उठलो. मी उठलो नाही. मी घरी आलो आणि रात्री जेवायला बसेपर्यंत आमच्या घरातली गेलेली माणसं एकेक करून आठवत राहिलो. त्यातल्या बहुतेकांनी बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं. शेवटी धाकट्या काकांवर मन बसलं. ते निदान ट्रॅक्टर चालवायचे, आणि स्वभावानं असे की वर त्यांना कळलं असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं.

हे मी वडिलांपाशी बोललो. नाना तेव्हा गावाकडून येऊन आमच्याकडे राहिलेले. भाकरी मोडता मोडता त्यांनी ऐकलं. धाकटा भाऊ तो त्यांचा. त्यांनी विचारलं, “तुन्हा काका इंग्लंडले कव्हय गयथा?”

काका इंग्लंडला कधी गेले होते! मी भाकरी कुस्करायला लागलो.

“गाडी कोन चालाडी? तू ना? मंग तुन्हं नाव लिख. जे शे ते बठ्ठं लिख.” आणि भाजी वाढून घेतली. आहे ते सगळं लिहायचं, त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी टाइप केलं. ‘अत्यंत नम्रतापूर्वक’ हे त्यांनी तीन ठिकाणी घातलं. मी दोन ठिकाणचं काढायला लावलं. वेगाच्या जागी आल्यावर ते थांबले. “छत्तीस करू का? सेहेचाळीस फार उघडं दिसतं.” मी म्हणालो, त्यांनी मोजलंय आबा. “बरं, कारण काय लिहू?” मी काय सांगणार होतो? की साहेब, तुमच्या गाड्या वाजत नाहीत? की मी काट्याला नमस्कार करतो, वाचत नाही? शेवटी लिहिलं, गाडी मी चालवीत होतो, मालक गाडीत नव्हते, चूक माझी आहे. एवढंच उरलं. तीन ओळींचं पत्र बघून आबांना फार वाईट वाटलं. इतका उघडा अर्ज आयुष्यात टाइप केला नाही, म्हणाले. मुख्य पोस्टात रजिस्टर करून मी ते पाठवलं, आणि खिडकीच्या आसपास उगीच थोडा वेळ उभा राहिलो.

मग तो हिवाळा सुरू झाला. दहा दिवसांनी सुमनचा कळवण्यापुरता फोन आला की पत्र पोचलं, विलासराव रागावले, पण माझं नाव लिहून कागद मुदतीत गेला. आता पोलीस काय ठरवतील ते ठरवतील. मालकाचं म्हणणं खरं मानतील की नाही, हे विलासरावांनाही सांगता येईना. मेहुणा परदेशात राहतो म्हणून त्याच्यावर ढकललं, असं कोणालाही वाटलं असतं. पार्ट्यांची बोलावणी येत होती. मी पत्रावळीपाशी बसून भरताकडे बघत राही. खाकी कपड्यातला पोस्टमन लांबून दिसला की मी खोलीत जाऊन तक्ता पुसायला लागे. रस्त्यावर तर मी असा वागायला लागलो की रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी आधी थांबे. मागचे रिक्षावाले जे बोलत ते इथं लिहिता येत नाही. पट्टे नव्हतेच, पण रस्ता ओलांडू बघणारी बाई दिसली की मी गाडी थांबवी. ती बाई घाबरून परत फिरे.

त्या महिन्यात माझ्याकडे वानखेडे मॅडम शिकायला होत्या. शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी आठव्याच दिवशी विचारलं, “सर, देवीच्या मागे काय आहे?” मी म्हणालो, मीटर. “चालतो?” मी म्हणालो, आपण कानानं चालतो. त्या काही बोलल्या नाहीत, पण गणिताच्या बाईचं न बोलणं फार लागतं. तशात माझं मन आधीच हळवं झालेलं. मी म्हणालो, चला, लांबचा सराव म्हणून धुळ्याला जाऊ आणि मीटर जिवंत करून आणू.

एरंडोल, पारोळा करत आम्ही गेलो. धुळ्यात जुन्या आग्रा रोडवर एक मीटरवाला होता. त्यानं केबल बदलली, काटा हलवून दाखवला. देवीला मी पाण्यानं हळू सोडवून वर आरशाखाली बसवलं. तिथून तिला रस्ताही दिसत होता. परत निघालो. मॅडम चालवताहेत, मी डावीकडे. फागण्याच्या पुढं काच वाजली, झाकण थरथरलं, भुंगा घुमला, आणि सगळा ताफा सुरात येऊन जॅक नाचायला लागला. साठ, मी सवयीनं म्हणालो.

“अडतीस,” मॅडम म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. अडतीस होते. त्या जुन्या मालकानं मला जो हिशोब दिला होता तो एकतर त्याच्या मनाचा होता, नाहीतर गाडी तरुण असतानाचा. अकरा वर्षं मी जळगाव-धुळे रस्त्यावर साठच्या वेगाचा रुबाब करत अडतीसनं जात होतो. उसाच्या बैलगाड्यांना मागं टाकताना मला जो आनंद व्हायचा तो केवढा फुकट होता! म्हणजे अख्ख्या आयुष्यात मी खरोखर वेगानं गाडी चालवली ती एकदाच, मेथी आणायला जाताना. आणि नेमका तेव्हाच माझा फोटो निघाला.

मी हसायला लागलो. मॅडमना कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, हात दाखवून, आरसा बघून, आणि मग हसल्या. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मला भूक लागली. पारोळ्याच्या अलीकडे एका ओळखीच्या मळ्यावर धूर दिसला तिथं आम्ही आगंतुक म्हणून गेलो आणि भरीत-पुरी खाल्ली. पोट भरल्यावर मात्र विलासराव आठवले. माझी फजिती मी हसण्यावारी नेऊ शकत होतो. त्यांच्या टेकड्यांवरच्या म्हाताऱ्यांना ती तशी नेता आली नसती.

संक्रांतीच्या दिवशी रात्री फोन वाजला. नाना खोलीत बाकावर बसलेले, मी तिळाची वडी तोंडात घातलेली. सुमन होती, आणि या वेळी हळू बोलत नव्हती. पोलिसांचं पत्र आलं होतं. गाडी चालवणारा इसम देशाबाहेर राहतो, त्यानं कबूल केलेलं आहे, पुढं काही कारवाई करायची नाही, प्रकरण बंद. विलासरावांच्या नावावर काही नाही. नऊचे नऊच, आणि त्यातले तीन येत्या मार्चमध्ये जुने होऊन गळणार.

मी वडी तशीच गिळली. विचारलं, आणि जळगावला काही कळवणार आहेत का? ती म्हणाली, जळगाव कुठं आहे हेच त्यांना माहीत नसेल. मला इतकं हलकं वाटलं की या अपमानाचाही राग आला नाही.

मग विलासराव फोनवर आले. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी आधीच सुरुवात केली, म्हणजे त्यांच्या मानानं.

“आत्ताच आलो, भाऊ. वरच्या टेकडीवर गेलो होतो. म्हातारबाच्या पायाची पट्टी बदलायची होती.”

“बर्फ असेल ना? कसे गेलात?”

“गाडीनं,” ते म्हणाले.

नाना बाकावरून मान पुढं काढून विचारत होते, काय म्हने पाव्हना? मी फोनवर हात न ठेवताच त्यांना सांगितलं, पेशंटकडे गेले होते, गाडीनं गेले होते.

नानांनी माझ्याकडे बघितलं. “मंग? पायी जाई का डॉक्टर?” ते म्हणाले, आणि स्वतःच्या बोलण्यावर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसत सुटलो. मधेच कान दिला तर फोनमधून, इतक्या लांबून, तिसरं हसणं ऐकू येत होतं. विलासरावांना हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते बराच वेळ चाललं होतं.